चालणाऱ्यांच्या मंडळीत स्वतःची ओळख

आमच्या घरांतून मुलांस बोलता येऊ लागले की पहिली शिकवण बहुधा ओळख सांगण्याचीच असते. पाहुण्यांसमोर हात जोडून उभे राहावयाचे आणि आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव व गाव स्पष्ट उच्चारात सांगावयाचे. मुंज झाली की त्यात गोत्राची भर पडते, पुढे पदवीची, त्याहून पुढे हुद्द्याची. साठी उलटेपर्यंत ही ओळख इतकी लांबते की ऐकणाराच दमून जातो. हे सर्व भांडवल बरोबर घेऊन आम्ही गेल्या वर्षी संक्रांतीनंतर भंडाऱ्यातील पायी चालणाऱ्या एका मंडळीत दाखल झालो. तेथे आमची जी फजिती झाली ती वाचकांपुढे ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कारण लांबच्या पायी प्रवासाची हौस आता आपल्या घरांतूनही वाढू लागली आहे, आणि आमची ठेच दुसऱ्यास शहाणे करील तर ती सार्थकी लागली असेच आम्ही समजू.

बेत साधा होता. भंडाऱ्याहून पहाटे निघून पहेल्यावरून अड्याळास मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पवनीस वैनगंगेच्या घाटावर पोहोचावयाचे. निघण्यापूर्वी सर्वांनी वर्तुळ करून आपापली ओळख दिली. एक शिंपीकाम करणारे गृहस्थ म्हणाले, "पंढरीची वारी केली आहे; डावा गुडघा उतारावर दुखतो." एक परिचारिका म्हणाल्या, "दिवसाला पंचवीस किलोमीटर निभतात. दुपारचे ऊन मात्र सोसत नाही." आमची पाळी आली तेव्हा आम्ही अध्यापनाची वर्षे, लिहिलेली पुस्तके आणि घराण्यातील तीर्थयात्रांची परंपरा सविस्तर निवेदन केली. शेजारी उभी असलेली एक वृद्ध शेतकरीण शांतपणे म्हणाली, "सारं बरं हाय मास्तर, पन पाय कसे हायेत?"

मंडळी हसली, आम्हीही हसलो आणि "उत्तम!" असे ठणकावून सांगितले. ते खोटे होते. नवे बूट घेऊन आठवडाही झाला नव्हता, आणि उजव्या टाचेवर आदल्या दिवशीच फोड आला होता.

पहेले मागे पडले तसा तो फोड बोलू लागला. दोन्ही बाजूंस कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत हिरवीगार लाखोरी, मध्येच एखादी पाण्याने भरलेली बोडी, असा तो रमणीय मार्ग; परंतु आमचे सारे लक्ष टाचेकडे. सांगावे तर सकाळचे भाषण खोटे पडते, न सांगावे तर पाऊल पडत नाही. शेवटी मोज्यावर रक्त दिसले तेव्हा एका मोहाच्या झाडाखाली सर्वांस दोन तास थांबावे लागले. त्या म्हातारीने फोड न फोडता टाच धुऊन स्वच्छ धडप्याची पट्टी बांधली आणि एक अक्षर न बोलता आमची पिशवी आपल्या डोक्यावर घेतली. उन्हे चढण्यापूर्वी संपावयाची वाट आता ऐन दुपारी चालावी लागली, आणि ज्या परिचारिकाबाईंनी आपली अडचण प्रामाणिकपणे सांगितली होती त्यांनाच वाटेत भोवळ आली. दुपारी पोहोचावयाचे ते आम्ही दिवेलागणीस अड्याळास पोहोचलो. खोटे आम्ही बोललो. त्याची किंमत त्यांनी दिली.

त्या रात्री झोप आली नाही, विचार पुष्कळ आले. आपल्या देशात दूरवर चालणाऱ्यांचे संप्रदाय काही थोडे नाहीत, आणि त्या प्रत्येकाने ओळखीची एक निराळी रीत घालून दिली आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी विदर्भभर पायी हिंडले. आपणांस कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी राहावे, ही त्यांची आपल्या अनुयायांस शिकवण होती. त्यांतील भंडाऱ्याचे निळभट महानुभाव वाङ्मयात 'भांडारेकार' म्हणून येतात. गाव हीच त्यांची पुरेशी ओळख. आळंदीहून पंढरीस सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी समोरच्यास 'माउली' म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो; तेथे कोण कोणाहून मोठा हा प्रश्नच उरत नाही. नर्मदेच्या परिक्रमेत 'नर्मदे हर' एवढ्याने परिचय संपतो, आणि आश्रमात विचारतात ते नाव नव्हे, तर 'किती मूर्ती आहात?' इतकेच.

परदेशीही हेच आढळते. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतराजीतून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची एक पायवाट जाते. तीवर चालणारे आपले घरचे नाव बाजूस ठेवून सोबत्यांनी दिलेले टोपणनाव धारण करतात. एमा गेटवुड नावाच्या अकरा मुलांच्या आईने 1955 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ही संपूर्ण वाट एकटीने चालून पार केली. घरी तिने 'जरा फिरून येते' एवढेच सांगितले होते म्हणतात. आमच्या सकाळच्या भाषणाशेजारी हे वाक्य ठेवून पाहताच आम्ही मनातल्या मनात ओशाळलो.

परंतु नाव टाकले म्हणजे भेद टाकला असे नव्हे. इरावती कर्वे यांनी वारीतल्या आपल्या अनुभवावर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. 1949 च्या 'परिपूर्ती' या संग्रहात तो आहे. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि इतर मंडळी बरोबर चालत, बरोबर भजन करीत, पण जेवणाची वेळ आली की पंक्ती वेगळ्या, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यात आहे. आमच्यासारख्या घरांतून हा लेख कौतुकाने वाचला जातो. पण त्याच दिवशी मोहाच्या झाडाखाली आम्ही काय केले? सर्वांनी शिदोऱ्या मध्ये मांडल्या असता आम्ही आपला डबा थोडे वळून एकट्यानेच उघडला. आम्ही त्यास पथ्य म्हणालो. जुन्या सोवळ्याचाच तो नवा अवतार होता. अड्याळास रात्री त्या म्हातारीने आम्हांस आपल्याजवळ बसवून भात आणि लाखोरीचे वरण वाढले, तेव्हा कोठे आमची मंडळीशी खरी ओळख झाली.

तेव्हा अशा मंडळीत प्रथम जाणाऱ्या वाचकांनी, व विशेषतः भगिनींनी, काय सांगावे? आपणांस हाक मारता येईल असे नाव सांगावे. सलग दोन दिवस किती चालता येते ते सांगावे. रोजच्या तासाभराच्या फेरीवरून अंदाज करू नये. गुडघा, दमा, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काही असल्यास लपवू नये. नित्याची औषधे, रक्तगट आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक कोणा एकाजवळ लिहून द्यावा. बूट निदान महिनाभर पायात रुळलेले असावेत. टाच चुरचुरू लागताच, फोड येण्यापूर्वीच, थांबून पट्टी लावावी. आणि आपणांस येते तेही सांगावे: कोणास स्वयंपाक येतो, कोणास जखम बांधता येते, कोणास वाट विचारण्यापुरती त्या मुलखाची बोली येते. बाकीची वंशावळ वाटेत कोणी विचारल्यास पाहावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आपण होऊन पुन्हा वर्तुळात उभे राहिलो आणि पहिल्या नावाने ओळख दिली. उजवी टाच सोललेली आहे, हळू चालू, आणि कालच्या त्रासाबद्दल परिचारिकाबाईंची क्षमा मागतो, एवढेच बोललो. सायंकाळी लंगडत का होईना, पवनीस पोहोचलो. येथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या अवशेषांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेली ती ओळख किती थोडकी! एक नाव, आणि त्याने काय दिले त्याची नोंद.

घाटावर वैनगंगेत पाय सोडून बसलो असता म्हातारी शेजारी येऊन बसली आणि तिने तोच प्रश्न केला. या खेपेस आम्ही खरे उत्तर दिले.