लोह उशाला, कोरड पानाला

कुंडीतल्या जास्वंदीचं शेंड्याकडचं नवं पान उजेडासमोर धरून पाहा. पातं पिवळंफटक, कडेला जवळजवळ पांढरट. आणि त्यात शिरांचं जाळं मात्र गर्द हिरवं, अगदी बारीक शिरेपर्यंत उठून दिसणारं. खालची जुनी पानं हिरवीगार. आपल्याला नेमकं काय कमी पडतंय, ते हे झाड सांगतंय!

नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह मात्र एकदा पानात मुरलं की तिथून फारसं हलत नाही. त्याच्या टंचाईची झळ थेट शेंड्याला बसते. पिवळं पान फांदीवर कुठे आहे, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. त्याहून नवल म्हणजे हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच; त्याच्या मध्यभागी असतो मॅग्नेशियमचा अणू. पण तो रेणू घडवताना लोहावाचून अडतं.

आणि बहुतेकदा मातीत लोह भरपूर असतं! बोअरच्या जड पाण्यातला चुना साठून कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) वाढतो. तो एका अंकाने वाढला की मातीतल्या लोहाची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते. धरण उशाला, कोरड घशाला. चुनखडीच्या रानात ऊस केवडा म्हणजे पिवळा-पांढरट पडतो, तोही याच कारणाने. झाड स्वस्थ बसत नाही. जास्वंदीची मुळं आम्ल सोडून भोवतीच्या मातीतलं लोह विरघळवू पाहतात. ऊस-भातासारखी गवतवर्गातली पिकं लोहाला धरून ठेवणारे रेणू मातीत सोडतात आणि लोहासकट परत आत ओढतात. मातीच्या अंधारात चाललेली ही धडपड मला थक्क करते.

१८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावलं आणि पानं हिरवी झाली. आपणही लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारू शकतो. द्रावण मात्र ताजंच हवं. त्याआधी कुंडीचं भोक तपासा, कारण पाण्यात गुदमरलेल्या मुळांनाही लोह उचलता येत नाही. मातीत घालायचं तर चिलेटेड, म्हणजे धरून ठेवणाऱ्या रेणूत बांधलेलं लोह घ्या. त्यातलं ईडीटीए जास्त सामूच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या.

आंब्याची, पिंपळाची तांबूस पालवी पाहून मात्र फवारा उचलू नका. तो रंग अँथोसायनिनचा. पान जून झालं की आपसूक हिरवं होतं.