व्यसन आणि आनुवंशिकता : वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे

‘बाप पितो, तेव्हा मुलगाही पिणारच’ हा समज खेड्यापाड्यांत खोलवर रुजलेला आहे. त्यापायी निरपराध मुलावर शाळकरी वयातच शिक्का बसतो आणि ‘रक्तातच आहे, इलाज काय?’ असे म्हणून कुटुंब उपचाराची आशा सोडून देते. मानसोपचार आणि आनुवंशिकी या शास्त्रांनी या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला आहे. गावात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनाने अकाली गेले. छोटा डेबूजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे मामांच्या घरी वाढला. पुढे मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची पंगत देण्याची रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि कीर्तनांतून आयुष्यभर व्यसनमुक्तीचा उपदेश केला. एका उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि शास्त्राचा निष्कर्ष याच दिशेचा आहे.

संशोधन काय सांगते?

डेन्मार्कमध्ये जन्मानंतर लगेच दत्तक गेलेल्या मुलांची पाहणी करण्यात आली. १९७३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मदात्या आईवडिलांपैकी एकाला मद्यासक्ती होती अशा ५५ पुरुषांपैकी १० जण पुढे मद्यासक्त झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ७८ दत्तक पुरुषांत हे प्रमाण अवघे ४ होते. मद्यपी पालकाचा सहवास नसतानाही धोका वाढला, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहेच. परंतु त्याच ५५ पैकी ४५ जण मद्यासक्त झाले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे होय.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मद्यासक्तीच्या बाबतीत माणसामाणसांत आढळणाऱ्या फरकांपैकी साधारण निम्मा आनुवंशिकतेमुळे असतो, असे अनुमान निघते. ‘दारूचे जनुक’ असे एखादेच जनुक मात्र नाही. अनेक जनुकांचा अल्प अल्प परिणाम एकत्र येतो. मद्याचे पचन करणाऱ्या विकरांची काही जनुके तर उलट संरक्षण देतात. पूर्व आशियातील अनेकांना थोड्या मद्यानेही चेहरा लाल होऊन मळमळते, त्यामुळे त्यांच्यात मद्यासक्ती कमी आढळते.

मेंदूतील ओढ

१९५४ मध्ये कॅनडातील प्रयोगात उंदरांच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला सूक्ष्म विद्युत्स्पर्श मिळत असे. तो मिळवण्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबू लागले. सुखाची ओढ निर्माण करणाऱ्या या यंत्रणेत डोपामिन हे रसायन महत्त्वाचे असते. मद्य व तंबाखू तिच्यावरच परिणाम करतात. जुगारात कोणताही पदार्थ पोटात जात नाही, तरी हीच यंत्रणा चाळवते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराची गणना व्यसनांशेजारी होते. पुन्हा पुन्हा हात धुण्यास भाग पाडणारा ‘मंत्रचळ’ हा मात्र वेगळा विकार आहे. तेथे सुखाची ओढ नसते, भीती व अस्वस्थता टाळण्याची धडपड असते.

बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत, एकाहून अधिक व्यक्तींना तीव्र मानसिक विकार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात मद्यासक्ती व मंत्रचळ या दोहोंचा समावेश आहे.

गावाचे कर्तव्य

आनुवंशिकता बदलता येत नाही, परिस्थिती बदलता येते. व्यसनाची सुरुवात जितकी लहान वयात, तितका धोका अधिक. वऱ्हाडात पानठेल्यावरील खर्रा ही अनेकांची पहिली पायरी ठरते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी होते की नाही, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी पाहावे. मद्यपी पालकाच्या मुलाला हिणवू नये. त्याला खेळ, अभ्यास आणि एका तरी विश्वासू मोठ्या माणसाचा आधार द्यावा.

व्यसनी व्यक्तीला शपथ घालणे वा कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास फेफरे व भ्रम होऊन जिवाला धोका संभवतो. त्याला प्रथम रुग्णालयात न्यावे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ (टेलि-मानस) आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावेत.

मधुमेह घराण्यात आहे म्हणून कोणी रुग्णाला दोष देत नाही, की औषध बंद करीत नाही. व्यसनाकडे याच दृष्टीने पाहिल्यास कुटुंबे उपचारासाठी विनासंकोच पुढे येतील.