शांततेचा निधी : गावाला बक्षीस, बाईला न्याय

कळंबहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय. रस्त्याला निधी येतो, शाळेला येतो, नळपाणी योजनेला येतो, हे आपल्याला पाठ आहे. पण भांडणं मिटावीत, माणसं एकत्र नांदावीत म्हणूनही सरकार आणि जग पैसा देतं. आज त्या पैशाविषयी बोलू.

आपल्या राज्यातलं उदाहरण म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. 15 ऑगस्ट 2007 ला ती सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. विचार साधा होता. बांध कोरला, विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली झाली, वहिवाटीचा रस्ता अडवला, की माणसं कोर्टात जातात. तारखांमागून तारखा पडतात, जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाचा आणि एसटीचा खर्च जास्त होतो. त्यापेक्षा ग्रामसभेने समिती नेमावी, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावं आणि तडजोड लेखी करावी. दिवाणी, महसुली आणि तडजोड होऊ शकेल असे फौजदारी तंटे त्यात घेतले गेले. गावाने किती तंटे मिटवले, नवे होऊ नयेत म्हणून काय केलं, याला गुण ठेवले. तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस मिळालं. अनेक गावांत आजही ग्रामसभेत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडला जातो.

जगातही असाच निधी आहे. जिथे यादवी युद्धाने गावं ओस पडली, अशा देशांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये शांतता उभारणी निधी सुरू केला. निरनिराळे देश स्वखुशीने त्यात पैसे घालतात, आपला भारतही घालतो. आफ्रिकेतले बुरुंडी आणि सिएरा लिओन हे देश त्याचे पहिले मानकरी. पुढे एक गोष्ट लक्षात आली : युद्धात सगळ्यात जास्त सोसलं बायकांनी, पण पैसा वाटताना त्यांना कुणी विचारलं नाही. म्हणून 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी उद्दिष्ट ठेवलं, की शांततेच्या निधीतला किमान 15 टक्के वाटा बायकांच्या गरजांसाठी आणि समानतेसाठी असावा.

लायबेरिया देशात या निधीचा एक चांगला उपयोग झाला. तिथल्या बायकांनी 2003 मध्ये पांढरे कपडे घालून, उन्हापावसात बसून युद्ध थांबवण्याची मागणी लावून धरली होती. युद्ध संपल्यावर गावोगावी त्यांच्या 'शांतता झोपड्या' उभ्या राहिल्या. तिथे बायका बसून घरातली, शेजारातली भांडणं ऐकतात. कित्येक ठिकाणी त्यांचा आपल्यासारखाच बचत गटही आहे. पण बलात्कारासारखी गोष्ट आली, तर त्या तडजोड करत नाहीत, पोलिसांकडे पाठवतात.

मैत्रिणींनो, नेमकं हेच आपण शिकायचं आहे. बक्षीस तंटा मिटल्याचं मिळतं, न्याय झाल्याचं मिळेलच असं नाही. समजा, भावाबहिणीत जमिनीचा वाद आहे. चार लोक बहिणीला म्हणतात, "गावाच्या नावासाठी हक्कसोडपत्रावर सही कर, माहेर तुटेल." ती सही करते. कागदावर तंटा संपला. पण 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तो तिथेच गेला. सुनेला मारहाण होते आणि "घरातलं घरात ठेवा" म्हणून प्रकरण दाबलं जातं, तेव्हाही गाव शांत दिसतं. ती शांतता नव्हे, तो दबलेला हुंदका आहे.

म्हणून गटाच्या बैठकीत ही चार सूत्रं लिहून ठेवा.

एक, ग्रामसभेला एकत्र जा. समितीत बायका नावापुरत्या आहेत की बोलणाऱ्या, ते पाहा.

दोन, तडजोडीचा कागद बाईला आधी वाचून दाखवलाच पाहिजे. "आज सही नको, विचार करून सांगते," असं म्हणण्याचा तिला अधिकार आहे.

तीन, बलात्कार आणि लहान मुलांवरचे अत्याचार हे तडजोडीचे विषय नाहीत. मुलांवरचा अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. घरातल्या छळासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. मदतीसाठी 181 हा क्रमांक फिरवा.

चार, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. लोकअदालतीत फी लागत नाही. मात्र तिथल्या निकालावर अपील नसतं, तेव्हा समजून उमजूनच सही करा.

आणि गावाला बक्षिसाची रक्कम आली, तर ती कशावर खर्च करायची हे ग्रामसभेत विचारा. भांडण पाण्यावरून होत असेल, तर पैसा आधी पाण्यावर लागू दे. कारण मुळाशी राहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच तंटा पुन्हा दारात उभा राहतो.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा आणि एकमेकींना विचारा : आपल्या गावात मिटलेल्या तंट्यांत बाईच्या पदरात काय पडलं?