प्राण्यांचे 'मूळ प्रकार' आणि जनुकांची साक्ष

लांडगा, कोल्हा आणि पाळीव कुत्रा एकाच पूर्वजापासून आले, हे अमेरिकेतील सृष्टिवाद्यांना मान्य आहे. सिंह, वाघ आणि घरातले मांजर यांचे नातेही त्यांच्यापैकी बहुतेक जण मानतात. त्यांचा आक्षेप त्यापुढच्या पायरीवर आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकानुसार देवाने प्राणी निरनिराळ्या प्रकारांत निर्माण केले. प्रत्येक मूळ प्रकाराच्या आत विविधता वाढते, पण एका प्रकारातून दुसरा कधीच निघत नाही. आणि हा सारा इतिहास सुमारे ६,००० वर्षांचा आहे, अशी त्यांची मांडणी आहे. उत्क्रांतिशास्त्राला अशी हद्द कुठेच आढळत नाही. पुरेसे मागे गेले की कुत्रा आणि मांजर यांचाही पूर्वज एकच निघतो. त्यामुळे वादाचा मुद्दा आता नेमका झाला आहे : बदलाला हद्द असेल, तर ती जनुकांत कुठे दिसते?

मूळ प्रकारांचा हा विचार डार्विनच्याही आधीचा आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस प्रारंभी प्रत्येक जाती निर्मितीपासून जशीच्या तशी आहे असे मानत होता. वनस्पतींचे संकर पाहिल्यावर त्याचे मत सैल झाले आणि उतारवयात तो अनेक जाती मागाहून उपजल्या असाव्यात, या विचाराकडे झुकला. विसाव्या शतकात फ्रँक मार्श या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या जीवशास्त्रज्ञाने या कल्पनेला नवे रूप दिले. त्याने १९४१ साली मूळ प्रकारासाठी हिब्रू शब्दांवरून 'बारामिन' ही संज्ञा घडवली. ज्या दोन प्राण्यांचा संकर होऊ शकतो ते एकाच प्रकारातले, ही त्याची कसोटी.

ही कसोटी एका बाजूनेच चालते. सिंह आणि वाघ, घोडा आणि गाढव यांचा संकर होतो. १९९८ मध्ये दुबईत उंट आणि लामा यांच्या कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. अशा जोड्या एका प्रकारात बसतात. पण संकर झालाच नाही, किंवा झाला आणि संतती वांझ निघाली, तर काय समजायचे? मार्शशी चाळीसच्या दशकात पत्रव्यवहार करणारे जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी फळमाशीच्या दोन जातींचा कसून अभ्यास केला होता. त्या माश्या डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात, तरी त्यांच्या संकरातून जन्मणारे नर वांझ असतात. प्रजननातला अडथळा हळूहळू, टप्प्याटप्प्याने तयार होतो, हे अशा उदाहरणांतून दिसते. निर्मितीच्या दिवशी उभी केलेली भिंत असती, तर असे अर्धवट टप्पे दिसण्याचे कारण नव्हते.

गुणसूत्रांनी हा प्रश्न आणखी टोकदार केला. घोड्यात ६४, गाढवात ६२ आणि मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोड्यात ६६ गुणसूत्रे असतात. भेकराची गोष्ट तर विलक्षण आहे. भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, तर त्याच्या चिनी भावंडात ४६. गुणसूत्रे एकमेकांना जोडली जात गेल्याने ही संख्या घटली. भेकरे एकाच प्रकारातली मानणाऱ्या सृष्टिवाद्याला हे जोडकाम स्वीकारावेच लागते.

आता तीच फूटपट्टी माणसाला लावून पाहावी. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र चिंपांझीच्या दोन गुणसूत्रांशी पट्ट्यांच्या आणि जनुकांच्या क्रमाने जुळते. गुणसूत्राच्या टोकाला डीएनएची जी ठरावीक पुनरावृत्ती असते, ती या गुणसूत्राच्या मधल्या भागात समोरासमोर जोडलेली आहे, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय निष्क्रिय झालेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेषही त्यात आहेत; म्हणजे दोन गुणसूत्रे जोडली जाऊन हे एक बनले. सृष्टिवादी लेखक यावर दोन उत्तरे देतात. जोड म्हणतात तो भाग मुळात कार्यरत जनुकाचा तुकडा आहे, हे एक. जोड झाला असला तरी तो मानववंशातच झाला, हे दुसरे. दुसऱ्या उत्तरात तथ्याचा अंश आहे : नुसत्या जोडाने चिंपांझीशी नाते सिद्ध होत नाही. नाते सांगतो तो दोन्ही बाजूंच्या जनुकांचा जुळणारा क्रम, आणि त्याचा खुलासा या उत्तरात नाही.

बिघडलेली जनुकेही असेच बोलतात. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. माणूस, वानर आणि माकडे यांच्यात त्यासाठी लागणारे एक जनुक मोडलेल्या अवस्थेत आहे. त्यांचे दूरचे नातलग लेमूर यांच्यात ते शाबूत आहे. गिनीपिगमध्येही ते मोडले आहे, पण निराळ्या तऱ्हेने. नात्याच्या ओळीने वाटली गेलेली ही मोडतोड समान पूर्वज मानला की सहज उलगडते. वेगवेगळ्या निर्मितीत तोच बिघाड का असावा, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

सर्वांत मोठी अडचण नोहाच्या तारवाची आहे. बायबलनुसार जगबुडीतून या नौकेत घेतलेले प्राणी आणि नोहाचे कुटुंब तेवढेच वाचले. केंटकीमध्ये २०१६ साली तारवाची भव्य प्रतिकृती उभारणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने तारवात सुमारे १,४०० प्रकार होते. मार्जारकुळातल्या आजच्या सुमारे ४० जाती तारवातल्या एका जोडीपासून, जगबुडीनंतरच्या साडेचार हजार वर्षांच्या आत निपजायला हव्यात. कोणत्याही उत्क्रांतिशास्त्रज्ञाने कधी मागितला नसेल इतका हा वेग आहे; जनुकीय पुराव्यानुसार या कुळाला त्यासाठी एक कोटी वर्षे लागली. एका जोडीत कुठल्याही जनुकाची जास्तीत जास्त चारच रूपे असू शकतात, आणि अशा चिंचोळ्या वाटेतून गेलेल्या प्राण्यांच्या जनुकांत तिची खूण राहते. चित्त्यात ती आहे : नात्यात नसलेल्या चित्त्यांची त्वचा एकमेकांवर कलम केली, तेव्हा शरीराने ती लगेच झिडकारली नाही. सर्व प्राण्यांत एकाच काळाची अशी खूण सापडायला हवी होती. ती सापडत नाही.

माणसाबाबतही तेच. तारवातील आठ जणांत एका जनुकाची फार तर १० रूपे असतील, तर रोगप्रतिकाराच्या काही जनुकांची आज हजारो रूपे ज्ञात आहेत. ती नंतरच्या उत्परिवर्तनांतून आली, असे सृष्टिवादी म्हणतात. मग उत्परिवर्तने केवळ बिघाडच करतात, हा त्यांचाच दुसरा युक्तिवाद टिकत नाही.

अमेरिकेतील सरकारी शाळांपुरता हा वाद न्यायालयांनी निकालात काढला. लुइझियानात उत्क्रांतीच्या जोडीने सृष्टिवाद शिकवण्याची सक्ती करणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या खटल्यात 'बुद्धिमान रचने'ला, म्हणजे सजीवांमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे या मांडणीलाही, विज्ञानाच्या वर्गात जागा नाकारली गेली. श्रद्धेविरुद्ध विज्ञान अशी ही लढाई मानणे मात्र चुकीचे आहे. डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे श्रद्धाळू इव्हँजेलिकल ख्रिस्ती. दोघांनीही उत्क्रांती निःशंकपणे स्वीकारली. मार्शने बारामिनची संज्ञा देऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली. एक प्रकार कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे दाखवणारी एकही जनुकीय सीमा अद्याप कोणी दाखवलेली नाही.