आवाज वाटेत कुठे हरवतो?

लेखमाला : मंचामागचा नाद
लेखांक 7

भीमेच्या काठी, पंढरपूरच्या आसपासच्या शिवारात एक भोपळा पिकतो. तो भाजीचा नाही. जाड सालीचा, मोठ्या घेराचा हा भोपळा वाळवून मिरजेला जातो आणि तिथल्या कारागिरांच्या हातून त्याची सतार होते, तंबोरा होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानात सोलापूर जिल्ह्याच्या मातीचाही वाटा आहे, असं मी मानतो.

हे आज आठवायचं कारण म्हणजे काही वर्षांपूर्वीची गणेशोत्सवातली एक संध्याकाळ. सोलापुरातल्याच एका मंडपात एक तरुण सतारिया वाजवायला बसला होता. सतार मिरजेची, हात तयार. तबलीवर त्याने चकतीसारखा पिकअप चिकटवला होता. त्याची लांब वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचलेली होती. पहिली मींड घेतली आणि कर्ण्यांतून आला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. जोडीला एकसुरी घुंऽऽ. मिक्सरवर मीच होतो. बास वाढवला, ट्रेबल उतरवला, गेन चढवला. घुंघुं वाढली, सतार काही आली नाही. मध्यंतरात तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, ही माझी सतार नाही वाटत.”

त्याचं खरं होतं. महिनोन्महिने वाळवलेला भोपळा, कारागिराने तासून लावलेली जवारी, मुलाचा रियाज, हे सगळं मिक्सरपर्यंत पोचलंच नव्हतं. वाटेतच हरवलं होतं. ही वाट सुरक्षित करणाऱ्या दोन गोष्टींची ओळख आजच्या लेखात करून घेऊ : प्रीअँप आणि डीआय बॉक्स. पायाशी ठेवायच्या एकाच पेडलमध्ये आता बहुधा या दोन्ही असतात. मात्र दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी समजून घ्यायला हवीत.

मागाची मोटर आणि मंदावलेला दिवा

यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी हे पाहिलेलं असतं. वायरिंग जुनं, बारीक तारेचं असलं, की मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो. मोटर एकदम मोठा प्रवाह ओढते, तारेला तो झेपत नाही आणि दिव्यापर्यंत दाब पुरेसा पोचत नाही.

वाद्याच्या पिकअपचं नेमकं हेच होतं. सतारीवर, व्हायोलिनवर किंवा अकूस्टिक गिटारच्या घोडीखाली बसतो तो बहुतेक वेळा पिझो पिकअप. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युतभार तयार होतो, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिलं. आपली चकती त्याच तत्त्वावर चालते. तिच्यातून व्होल्टेज येतं, पण मागे ताकद फार थोडी असते. ती ज्या इनपुटला जोडायची, त्याने तिच्याकडून जवळजवळ काहीच प्रवाह मागता कामा नये. इनपुटच्या या गुणाला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितका वाद्यावरचा भार कमी.

आता त्या संध्याकाळचा हिशेब मांडू. चकतीची विद्युतधारिता 1 नॅनोफॅरड धरा आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स 10 किलोओहम. या जोडणीत साधारण 16,000 हर्ट्झच्या खालचा आवाज घसरू लागतो आणि दर सप्तकामागे 6 डेसिबलने उतरत जातो. काळी एकच्या सतारीत जोडाची तार सुमारे 139 हर्ट्झवर बोलते. तिथपर्यंत येता येता 40 डेसिबल गेलेले असतात, म्हणजे व्होल्टेजचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. मूळ स्वर बुडाला आणि वरचे किणकिणणारे स्वरांश तेवढे तरले. पत्र्याचा आवाज आला तो असा.

तीच चकती 1 मेगाओहमच्या इनपुटला जोडली, तर घसरण थेट 160 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. सतार ओळखू येते, पण 69 हर्ट्झची खर्जाची तार अजून दुबळीच राहते. इनपुट 10 मेगाओहमचं केलं, की घसरण 16 हर्ट्झच्या खाली जाते. तिथे आपल्या कानाला ऐकू येण्यासारखं काही उरतच नाही. वाद्य बदललं नाही, वादक बदलला नाही. बदललं फक्त समोरचं इनपुट.

प्रीअँप : आधी नीट ऐकून घेणारा

प्रीअँपचं पहिलं काम हेच : वाद्यावर भार न टाकता त्याचा सिग्नल घ्यायचा आणि पुढे दमदारपणे द्यायचा. आवाज मोठा करणं हे दुसरं काम. प्रीअँप विकत घेताना माहितीपत्रकात आधी इनपुट इम्पिडन्स पाहा. पिझोसाठी तो किमान 1 मेगाओहम असावा. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय अकूस्टिक वादकांमध्ये इतका रुजला, त्यामागे त्याचं 10 मेगाओहमचं इनपुट हे एक मोठं कारण आहे.

तिसरं काम आवाजाला आकार देण्याचं. इथे माझा अनुभव असा, की वाढवण्यापेक्षा कमी करण्यात शहाणपण असतं. पिझोचा एक टोचरा, चोचीतून आल्यासारखा आवाज असतो. तो साधारण 1 ते 3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सापडतो. तिथे थोडं उतरवलं, की लाकडाचा आवाज वर येतो. 100 ते 250 हर्ट्झच्या दरम्यान भोपळा किंवा गिटारची पेटी घुमते. मॉनिटर, म्हणजे वादकासाठी मंचावर ठेवलेला स्पीकर, जवळ असेल तर तिथूनच घोंगावणं सुरू होतं. चांगल्या पेडलवर यासाठी नॉच फिल्टर असतो. तो फक्त एक अरुंद पट्टा कापतो आणि बाकीच्या आवाजाला हात लावत नाही. शेजारीच फेज उलटवण्याचं बटण असतं. मॉनिटरच्या आवाजाने वाद्याची तबली पुन्हा हलू लागली, की कधी कधी नुसतं हे बटण दाबल्यावरच घुमणं ओसरतं. म्हणून नॉचकडे वळण्याआधी ते दाबून पाहावं.

डीआय : लांबचा पल्ला

वाद्य नीट ऐकून घेतलं, आता ते मिक्सरपर्यंत न्यायचं आहे. मैदानावरच्या कार्यक्रमात मिक्सर मंचापासून 30-40 मीटरवर असतो. साऊंडवाले जिला पी-38 म्हणतात, त्या जॅकच्या केबलमध्ये सिग्नलची एकच तार असते आणि तिच्याभोवती जाळी. इतक्या लांबीत ही तार वाटेतल्या प्रत्येक लाइटिंगची, डिमरची, जनरेटरची गुणगुण गोळा करते. शिवाय अशा केबलची स्वतःची धारिता मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड असते. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप तिला जोडला, तर वरचे स्वर विझतात. पिझो जोडला, तर सगळाच आवाज खाली बसतो.

डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. हा बॉक्स वाद्याचा सिग्नल कमी इम्पिडन्सचा आणि बॅलन्स्ड करतो. पुढे तो तीन पिनांच्या केबलमधून जातो. आपल्याकडे तिला कॅनन म्हणतात. पिन 1 जाळीची. पिन 2 आणि 3 वर एकमेकांच्या उलट असा सिग्नल चालतो. वाटेत येणारी गुणगुण मात्र दोन्ही तारांवर सारखीच पडते. मिक्सर या दोन तारांमधला फरक घेतो. सारखं असलेलं वजा होतं, उलट असलेलं दुप्पट होतं. गुणगुण गळून पडते आणि वाद्य उरतं.

ही युक्ती जुनी आहे. 1960च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बास गिटार आणि गिटार थेट कन्सोलमध्ये ध्वनिमुद्रित होत. त्यासाठी एड वुल्फ्रम या अभियंत्याने ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स बनवला. आजच्या पॅसिव्ह डीआयमध्येही तोच ट्रान्सफॉर्मर असतो. साधारण 12 ला 1 या गुणोत्तराने तो व्होल्टेज उतरवतो, म्हणजे जवळपास 22 डेसिबल. म्हणूनच डीआयची केबल मिक्सरच्या माइक इनपुटला लावायची असते. अ‍ॅक्टिव्ह डीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते किंवा मिक्सरकडून येणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा.

कोणत्या वाद्याला काय

सतार, व्हायोलिन, मँडोलिन, अकूस्टिक गिटार यांवर नुसता पिझो असेल, तर अ‍ॅक्टिव्हच घ्या, मोठ्या इम्पिडन्सचं. पॅसिव्ह डीआयचं इनपुट 140 किलोओहमच्या आसपास असतं आणि एवढ्या इम्पिडन्सला आपल्या चकतीची घसरण 1,100 हर्ट्झवरच सुरू होते. गिटारमध्ये बॅटरीचा प्रीअँप आधीच बसवलेला असेल, तर मात्र पॅसिव्ह डीआय पुरतो.

कीबोर्ड, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रॉनिक तंबोरा यांचा सिग्नल मुळातच दमदार असतो. त्यांना प्रीअँपची गरज नाही. त्यांना हवा पॅसिव्ह डीआय, कारण त्यातला ट्रान्सफॉर्मर मंचाची वीज आणि मिक्सरची वीज एकमेकांपासून वेगळी ठेवतो.

बँजोचा विचार वेगळा करायला हवा. मिरवणुकीतला आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग. 1912 मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळांचं ताइशोगोतो बनवलं. त्याचं हे भारतीय रूप महाराष्ट्रात गल्लोगल्ली पोचलं. त्यावरचा चुंबकीय पिकअप अ‍ॅक्टिव्ह डीआयवर मोकळा बोलतो.

इलेक्ट्रिक गिटारचा ओळखीचा आवाज घडतो तो अँप्लिफायर आणि त्याच्या स्पीकरमुळे. नुसत्या डीआयमधून ती कोरडी, चरचरीत लागते. तिच्यासाठी स्पीकरचा आवाज घडवणारा प्रीअँप लागतो. न्यूयॉर्कच्या टेक 21 कंपनीने 1989 मध्ये सॅन्सअँप आणला तो याच गरजेपोटी.

मंचावरचा क्रम

पुढचा क्रम वहीत उतरवून ठेवा.

एक : मिक्सरवरचा चॅनल म्यूट असतानाच केबल जोडा आणि फँटम चालू करा. नाही तर कर्ण्यांना धक्का बसतो.

दोन : प्रीअँपची सगळी बटणं मधोमध ठेवा. कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवणार, तितक्याच जोरात वाजवा. क्लिपचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन चढवा आणि मग थोडा उतरवा.

तीन : आता मिक्सरचा गेन लावा. आवाज फाटत असेल तर डीआयवरचं पॅड, म्हणजे सिग्नल उतरवणारं बटण, दाबा.

चार : आधी हाऊस, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड केलेले स्पीकर, ऐका, मग मॉनिटर वाढवा. टोन बदलायचा तो यानंतर, आणि शक्यतो कापूनच.

पाच : पेडल अनेक असतील तर ट्यूनर आधी आणि डीआय सर्वात शेवटी. वाद्य बदलताना पायाने म्यूट करायची सवय लावा.

घुंघुं आणि अर्थिंग

हा भाग आजच्या लेखातला सर्वात महत्त्वाचा. आपली वीज 230 व्होल्टची, 50 हर्ट्झची. मंचावरचा कीबोर्ड एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असला, की दोन अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो. तो फरक केबलच्या जाळीतून वाहू लागतो आणि 50 व 100 हर्ट्झची घुंघुं ऐकू येते. डीआयवर ग्राउंड लिफ्ट नावाचं बटण असतं. ते दाबलं, की केबलमधला पिन 1चा मार्ग तुटतो आणि घुंघुं थांबते. उपकरणाचं अर्थिंग मात्र जागच्या जागी राहतं.

हे माहीत नसल्यामुळे अनेक ठिकाणी प्लगची तिसरी, जाड पिनच कापून टाकतात. घुंघुं जाते, हे खरं. पण त्या क्षणी त्या उपकरणाचं संरक्षणही जातं. आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर 230 व्होल्ट थेट वादकाच्या बोटांत येतात. पावसाळ्यातला ओला मंडप, अनवाणी पाय, हातात लोखंडी तार. यात एक जीव जायला क्षणही पुरतो. दोन अर्थिंगच्या भांडणावर उपाय पिन कापण्याचा नाही, डीआयचा आहे.

त्या मंडपातल्या मुलाला पुढच्या कार्यक्रमात मी माझा अ‍ॅक्टिव्ह डीआय दिला. मिक्सरवर टोनचं एकही बटण हलवावं लागलं नाही. जोडाची तार वाजली आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. कर्ण्यांची संख्या वाढवण्यावर खर्च करता, त्यातले काही हजार रुपये बाजूला काढा आणि दोन चांगले डीआय बॉक्स मंडळाच्या मालकीचे करा. वादक मित्रांनो, वाद्याच्या पेटीत तारांचा जुडगा ठेवता, तसा स्वतःचा प्रीअँप आणि एक नवी बॅटरी ठेवा. आणि मंचावर बसण्याआधी प्रत्येक प्लगची तिसरी पिन जागेवर आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ती नसेल, तर त्या प्लगवर वाजवू नका.

(पुढील लेखांक : मॉनिटर कुठे ठेवावा)