टेप कुणासाठी थांबत नाही

बहिणीच्या लग्नाची २००३ सालची मिनीडीव्ही कॅसेट गेल्या दिवाळीत माळ्यावरून खाली आली. कॅमेराही शाबूत निघाला. थोडा घरघरला, पण चालू झाला. घोडं अडलं ते वायरपाशी. कॅमेऱ्याला ‘डीव्ही’ लिहिलेलं चार पिनांचं चिमुकलं भोक आणि लॅपटॉपला नुसती यूएसबी. बाजारात शोधलं तर एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला नेमक्या त्याच चार पिना असलेली वायर मिळाली. दोन्ही टोकं चपखल बसली. पण आपल्याला काही जोडलंय याचा लॅपटॉपला पत्ताच नव्हता.

यात कॅमेऱ्याचाही दोष नाही आणि लॅपटॉपचाही. अशी वायर या कामासाठी चालूच शकत नाही, तरी ती सर्रास विकली जाते. कॅमेऱ्याचं ते भोक फायरवायरचं. अ‍ॅपलच्या पुढाकारातून घडलेली ही जोडणी १९९५ मध्ये ‘आयईईई १३९४’ म्हणून प्रमाणित झाली. सोनीने तिला ‘आय-लिंक’ म्हटलं. यूएसबीत एक यजमान असतो, संगणक. त्याने विचारलं तरच बाकीच्यांनी बोलायचं. फायरवायरमध्ये सगळे एका पंगतीचे. कॅमेरा आणि संगणक बरोबरीने बोलतात. या दोन रीती जुळवायला मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे चिप. नुसत्या तांब्याच्या तारा दुभाष्याचं काम करत नाहीत.

व्हिडिओवाल्यांना फायरवायर का आवडली, याचं उत्तर तिच्या वेळापत्रकात आहे. ती सेकंदाचे आठ हजार तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात चालू व्हिडिओसाठी जागा राखून ठेवता येते. एसटीत सीट आरक्षित असावी तशी. गरजही तशीच असते. मिनीडीव्ही कॅमेऱ्यातला चिमुकला ढोल मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं वाचली जातात. संगणकाला मध्येच दुसरं काम आठवलं, तरी टेप थांबत नाही. निसटलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची सोयही नाही. कॅसेट मागे घेऊन तो भाग परत चालवायचा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मिनीडीव्हीवरचं चित्रण मुळातच अंकीय असतं. फायरवायरमधून संगणकात येते ती त्याची जशीच्या तशी नक्कल, तासाला साधारण १३ जीबी. दुकानात पुष्कळदा सोपी वाट धरतात: पिवळी-पांढरी-लाल वायर लावायची आणि बाहेर पडणारं चित्र यूएसबीच्या डबीने पुन्हा टिपायचं. म्हणजे अंकांचं चित्र, त्या चित्राचे पुन्हा अंक. दुधाची पावडर करून तिचं परत दूध करण्यातला प्रकार. कॅसेट देण्याआधी ‘फायरवायरने करता का?’ एवढं विचारा. समोरचा गोंधळला, तर कॅसेट घेऊन घरी या.

व्हीएचएसची गोष्ट निराळी. तिथे टेपवरच अंक नाहीत, त्यामुळे पिवळ्या वायरीला किंवा एस-व्हिडिओला पर्याय नाही. (एस-व्हिडिओ असेल तर तीच वापरा, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात.) पाल चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि प्रत्येक रेषेला बरोबर ६४ मायक्रोसेकंद मिळतात. पण टेप म्हणजे शेवटी प्लास्टिकची पट्टी. ती ताणली जाते, सुरकुतते; मग एखादी रेषा किंचित लवकर सुरू होते, एखादी उशिरा. जुना काचेच्या नळीचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. रेषा उशिरा आली, तर त्याचा किरणही उशिरा निघायचा. आजच्या डबीत हा समजूतदारपणा नाही. ठोका चुकला की ती अख्खं चित्रच गाळते. डबीने चित्र आणि आवाज यांची घड्याळं एकमेकांना बांधली नसतील, तर ती हळूहळू दुरावतात. तासाभराने भटजींचे ओठ मिटलेले असतात आणि मंगलाष्टकं चालूच असतात.

यावर औषध आहे: टाइम बेस करेक्टर. तो रेषा क्षणभर साठवतो आणि काटेकोर ठोक्यावर पुढे सोडतो. काही उंची व्हीसीआरमध्ये आणि कॅमेऱ्यांमध्ये तो अंगचाच असतो. एक चांगला व्हीसीआर दहा नव्या डब्यांपेक्षा कामाचा, हे माझं ठाम मत. ते आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात, कारण फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नव्या यंत्रांचा ओघ आटला.

मग उरतो ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरची भाषा संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कित्येक धडधाकट यंत्रं आज मुकी झाली आहेत. लिनक्समध्ये जुन्या बीटी८७८ चिपच्या टीव्ही कार्डांचा ड्रायव्हर अजून आहे. पण ते कार्ड ज्या पीसीआय खाचेत बसतं, ती खाच नव्या मदरबोर्डवर क्वचितच दिसते. दात आहेत तर चणे नाहीत.

फायरवायरचे दिवसही भरत आलेत. मॅकवर अ‍ॅडॅप्टरला अ‍ॅडॅप्टर लावून ती आतापर्यंत चालायची. २०२५ मध्ये आलेल्या ‘टाहो’ या मॅकओएसच्या आवृत्तीने ती वाट बंद केली. लिनक्सवाल्यांचा तिला २०२९ पर्यंत सांभाळण्याचा बेत आहे. डेस्कटॉप असेल तर सरळ उपाय म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड. मात्र सहा पिनांच्या फायरवायरमधून वीजही वाहते. तो प्लग जोर लावून उलटा खुपसला, तर भोक कायमचं जळू शकतं.

माझं काम शेवटी शेजारच्या काकांनी केलं. त्यांचा २००८ सालचा लॅपटॉप भंगारवाल्याच्या वाटेवर होता. त्याच्या कडेला तेच चार पिनांचं भोक निघालं. दोन्हीकडे चार पिना असलेली साधी वायर लावली आणि कॅमेरा लगेच ओळखला गेला. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागला. यात घाई चालत नाही.

डीव्ही टेपवर चित्रासोबत चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते. फायरवायरने ती फाइलमध्ये येते. पिवळ्या वायरीने यायची तर पडद्यावर छापूनच येते. पत्रिकेत मुहूर्त होता ११ वाजून ४३ मिनिटांचा. अक्षता पडल्या ११ वाजून ५८ मिनिटांनी. वडील अजून म्हणतात, कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे होतं.

घरातला जुना लॅपटॉप भंगारात द्यायला काढलाच असेल, तर आधी त्याच्या कडेला चार पिनांचं भोक आहे का, तेवढं बघा.