नियत, माप आणि मजुरी



तुटलेल्या फडात गेलो की आम्ही शेतकी खात्याची माणसे आधी बुडखे बघतो. उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त. कोयता जमिनीलगत चालला तर ती साखर कारखान्यात येते. चार बोटे वर चालला तर ती रानातच राहते आणि खोडवाही नीट फुटत नाही. आता प्रत्येक घावामागे उभे राहून कोण बघणार? मुकादमही नाही अन् शेतमालकही नाही. शेवटी काम करणाऱ्याची नियत कशी, यावर सगळे येते.

'नियत' हा शब्द मूळचा अरबी. मेहनत, इमान, हिशेब, वजन हेही तिकडचेच. शब्द आपण घेतले, पण त्यांच्यामागचा विचारही समजून घेण्यासारखा आहे. अब्बास अली या प्राध्यापकांनी १९८८ साली इस्लामी कार्यनीती मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कामाचे मोल नुसत्या फळावरून नव्हे, तर त्यामागच्या नियतीवरून ठरते, हा तिच्यातला एक मुख्य मुद्दा. काम ही 'अमानत', म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. पैगंबर महंमद स्वतः तरुणपणी खदिजा यांच्या व्यापाराचे काम बघत. मक्केत त्यांना 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत.

पण ही शिकवण एकट्या मजुरासाठी नाही. काम करून घेणाऱ्यावरही तिने बंधने घातली आहेत.

पहिले बंधन मापाचे. मापात मारणाऱ्यांच्या निषेधासाठी कुराणात ८३ वा अध्याय आहे. जुन्या इस्लामी शहरांत बाजारातली वजने-मापे तपासायला 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे.

दुसरे मजुरीचे. मजुरी आधी ठरवावी आणि घाम वाळायची वाट न बघता द्यावी, अशी शिकवण पैगंबरांच्या नावे सांगितली जाते.

तिसरे सल्लामसलतीचे. त्याला 'शूरा' म्हणतात. कुराणाच्या ४२ व्या अध्यायाचे नावच ते आहे.

सभासदांनो, काट्याबद्दल नुसती शंका आली तरी आपले डोके तापते. उसाचे बिल लांबले की आपण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातल्या १४ दिवसांवर बोट ठेवतो. ते बरोबरच आहे. पण हाच न्याय आपण आपल्या फडातल्या तोडकऱ्याला लावतो का? किती टन भरले, उचलीतून किती वळते झाले, हे त्याला कोणी सांगते का?

तोडीसाठी वरचे पैसे मागणारी टोळीही मी पाहिली आहे. ती अमानतीतली खोटच. आणि तोडीचा क्रम मोडून एखाद्याचा फड आधी लावणारा आमच्यातला नोकरही त्याच दोषाचा धनी. ते मी झाकणार नाही.

येत्या हंगामात एवढे करून पाहा. टोळी फडात आली की पहिल्या दिवशी प्यायच्या पाण्याची सोय करा. बुडखा कसा हवा ते स्वतः बसून दाखवा आणि का हवा तेही सांगा. पाणी कुठे साचते, गाडी कुठून काढावी, हे त्यांनाही विचारा. वजनाची पावती वाचून दाखवा. ज्याला विश्वासात घेतले, तो पाठीमागेही नीट काम करतो. मग बुडखे बघायला आम्ही आलो नाही तरी चालेल.